आखूड स्प्रिंगा

तांबरम, रविवार, मे २००६

पुदुपेट्टैच्या जुन्या सामानाच्या बाजारातून आखूड स्प्रिंगा आणून गाडीला बसवल्या, गाडी चांगली चार बोटं खाली आली. कोऱ्या परवडत नाहीत, म्हणून काय गाडी उंटासारखी ठेवायची? आईने इथल्या रीतीने चारही चाकांखाली लिंबं ठेवली. "गाडी जुनी असली तरी स्प्रिंगा नव्या आहेत ना?" मी गाडी सुरू केली.

गल्लीतल्या स्पीडब्रेकरपाशी मी आई-अप्पांना खाली उतरायला सांगितलं, वजन कमी व्हावं म्हणून. आई उतरली. अप्पा हलले नाहीत. "मी गाडीत बसायला आलोय, चालायला नाही." मग काय, खर्रकन गाडीचं पोट घासलं. अजून कानात आहे तो आवाज.

"होती तशी उंच कर," म्हणाले. का करू? उद्याही ते उतरणार नाहीत, मला ठाऊक आहे. पण मीही त्यांचीच मुलगी आहे.

घासू दे.