बटणसाठी दोन फडकी

५ जानेवारी

चि. बाळ यास,
अ. आ. वि. वि. चाळिशी ओलांडलेल्या भावाला बाळ म्हणताना माझं मलाच हसू येतं, पण आता ही सवय सुटायची नाही.

तुझं पत्र पोचलं. कुत्र्याचं पिल्लू मुलांना हवंय की तुलाच, हे त्यातून काही नीट कळलं नाही. असो. चिंधीच्या चार पिल्लांतलं सगळ्यांत शांत पिल्लू मी तुमच्यासाठी राखून ठेवलंय. कपाळावर काळा ठिपका आहे, म्हणून मी त्याला बटण म्हणते. नाव बदलायचं तर खुशाल बदला, पण ते ओ देईल याची हमी नाही.

पिल्लाच्या आधी सोबतची दोन फडकी पाठवतेय. माझ्या शिलाई मशीनखाली चिंधी पिल्लांना घेऊन झोपते, तिच्या अंगाखालची आहेत. एक खारूच्या उशाशी ठेव, एक धाकट्याच्या. आठ दिवस ठेवलीत की मुलांच्या अंगाला त्याच्या आईचा वास लागेल आणि फडक्यांना मुलांचा. वहिनीला म्हणावं, नाक मुरड हवं तर, पण फडकी साबणात बुडवू नकोस.

बटण आला की कुणी त्याला उचलायचं नाही, हाक मारायची नाही, मागे धावायचं नाही. जमिनीवर बसायचं, तळहातावर खाऊ ठेवायचा आणि भलतीकडे बघायचं. त्याला यायचं तेव्हा तो येईल. किती वेळ लागतो ते मोजायचं नाही. हे सगळं मुलांना वाचून दाखव, म्हणजे तू विसरलास तरी ती विसरणार नाहीत.

आता माझी एकच अट. नाही जमलं तर न लाजता कळव, मी येऊन घेऊन जाईन. पण तिसऱ्या कुणाला द्यायचं नाही. आईपासून त्याला एकदा तोडतोय, ते पुरे झालं. तसा शब्द चिठ्ठीत लिहून दे, मग आमच्या कपडे पोचवणाऱ्या टेम्पोवाल्याबरोबर टोपली पाठवते.

तुम्हा सगळ्यांवरची माया आहे तशीच आहे, त्यातली थोडी आता बटणला द्या.
तुझी,
ताई

२४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. माझी शब्द देणारी चिठ्ठी टेम्पोवाल्याने पोचवली आणि तुझं पिल्लू सुखरूप इथे आणलं. येताना त्याने टेम्पोवाल्याच्या चपलेचा एक अंगठा खाल्ला, ती भरपाई तुझ्याकडे मागणार आहे म्हणे.

पहिले तीन दिवस बटण चपलांच्या फळीमागे बसून होता. आमच्या दोन खोल्यांत लपायला दुसरी जागा आहे कुठे! धाकटा चार वर्षांचा, त्याला धीर कसला? तो फळीसमोर आडवा पडून भोकाड पसरायचा. खारूने मात्र कमाल केली. शाळेतून आली की फळीपासून तीन हातांवर फतकल मारून बसायची, तळहातावर भाकरीचा तुकडा, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. ही तिला जेवायला बोलावून दमली. तुझं पत्र तिने वहीत डकवलंय आणि धाकट्याला त्यातलं कलम काढून दटावते.

चौथ्या दिवशी तो आला. तुकडा खाल्ला, तिच्या मांडीवर चढला आणि झोपला. तो जागा होईल म्हणून पोरगी तासभर हलली नाही. उठली तेव्हा पायाला मुंग्या आलेल्या, लंगडत स्वयंपाकघरात गेली आणि आईच्या कमरेला मिठी मारून रडली. नऊ वर्षांत तिला इतकी खूश मी पाहिली नव्हती.

रविवारी आमचे मोठे साहेब मुलाला घेऊन चहाला येऊन गेले. बटण त्या मुलाच्या मांडीवरही शहाण्यासारखा बसला. इतकं माणसाळलेलं पिल्लू साहेबांनी कधी बघितलं नव्हतं, सारखं तेच म्हणत होते. गोदामात कागदाचे गठ्ठे मोजत बारा वर्षं झाली, वरच्या मजल्यावरची जागा रिकामी आहे. बघू या.

तुझा लोभ होताच, त्याला आता शेपूट फुटलं आहे.
तुझा,
बाळ

८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. घाईत लिहितोय. एक तारखेपासून मी वरच्या मजल्यावर बसतो. टेबल खिडकीशी आहे.

बटणचं थोडं बिनसलंय. जिन्याखाली जाऊन बसतो, हातातून काही घेत नाही. मुलं जवळ गेली की गुरगुरतो, परवा दात लावले. रक्त आलं नाही, पण सगळे काळजीत आहेत. मुलांनी काय करावं ते अगदी सविस्तर लिही, आणि उलट टपाली लिही.

बाकी क्षेम. आठवण ठेवावी.
बाळ

१३ फेब्रुवारी

चि. बाळ यास,
अ. आ. वि. वि. खिडकीपाशी बसलास, ऐकून जीव सुखावला. पहिल्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होतास ना? की नेहमीसारखी फक्त पुढची बाजू?

बटणचं वाचून मात्र कोड्यात पडले. खारूच्या मांडीवर झोपणारं पिल्लू पंधरा दिवसांत गुरगुरायला लागलं? आणि तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत जिना कुठून आला? इमारतीचा म्हणत असशील. तिथे रहदारी असते, बिचारा बिचकत असेल.

आता नीट ऐक. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा. एका वेळी एकच मूल जवळ जाऊ दे. मुलाने दोन पायऱ्या वर बसावं, पाठ त्याच्याकडे करावी आणि एखादं गोष्टीचं पुस्तक हळू आवाजात मोठ्याने वाचावं. रोज त्याच वेळी. आवाज ओळखीचा झाला की भीती ओसरते. खाऊ मागे ठेवायचा, वळून बघायचं नाही. आणि मुलांच्या उशाशी ठेवलेलं फडकं त्याच्याजवळ टाक. ते असलं की निम्मं काम होईल.

खारूला म्हणावं, आत्याचा तुझ्यावर भरवसा आहे.

सर्वांना आशीर्वाद, गुरगुरणाऱ्यालासुद्धा.
ताई

१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. ताई, तुझे पाय धरायला हवेत. तू लिहिलंस तसं तंतोतंत केलं. मुलगा रोज संध्याकाळी पायरीवर बसून वाचायचा. दहाव्या दिवशी बटण आपण होऊन वर आला आणि त्याच्या मांडीत शिरला. आता त्याच्या पलंगाच्या पायथ्याशी झोपतो, त्याच्यावाचून जेवत नाही. फडकी मात्र मिळाली नाहीत. धाकट्याचं धुण्यात गेलं होतं, दुसरं खूप शोधलं.

सगळे तुझं कौतुक करतात. असाच हात डोक्यावर राहू दे.
तुझा,
बाळ

६ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि. हे बाईंनी शिकवलंय. मी मजेत आहे, तू कशी आहेस? चिंधीला आता बरं वाटतंय का?

बटण तिच्याकडे परत गेला तेव्हा मी शाळेत होते, म्हणून त्याला टाटा करता आला नाही. बाबा म्हणाले, चिंधी त्याची आठवण काढून जेवत नव्हती म्हणून तू त्याला बोलावून घेतलंस. मला रडू आलं, पण मग मी विचार केला की माझी आई अशी आजारी पडली असती तर मीसुद्धा गेले असते. धाकट्याला कळत नाही. तो अजून चपलांच्या फळीमागे वाकून बघतो.

बाबा आता खूप उशिरा येतात. त्यांनी एक दिवस फडकं शोधलं होतं. माझं माझ्याकडेच होतं, दप्तरात. मी सांगितलं नाही, कारण मला ते स्वतः पाठवायचं होतं. हे खोटं बोलणं असेल तर सॉरी. ते या पाकिटात आहे. मी रोज उशीखाली घेऊन झोपते, म्हणजे बटण मला विसरणार नाही. त्याच्या जवळ ठेव. तो तुझ्या हातावर येतो का? घाई करू नकोस हं आत्या. दुसरीकडे बघायचं. लवकर लिही. चिंधी बरी झाली की मी त्याला भेटायला येईन.

तुझी लाडकी,
खारू

११ मार्च

बाळ,
आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

खारूचं पत्र आलं. चिंधी आजारी नव्हती. मी कुणाला बोलावलं नव्हतं. बटण इथे नाही. पाकीट फोडलं तेव्हा चिंधी मशीनखाली होती. फडक्याचा वास आला तशी उठली, ते तोंडात धरून तिने सगळं घर पालथं घातलं. कपाटामागे, कापडाच्या गठ्ठ्यांत, दाराबाहेर. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पोरासाठी तिने माझ्याकडे असं कधीच बघितलं नव्हतं. मी मान खाली घातली, तुझ्यापायी.

कुठे आहे पिल्लू ते मला कळलंय, तू सांगायची गरज नाही. जिना तुझ्या घरात नाही. पलंग तुझ्या मुलांना नाही, ती खाली अंथरूण घालून झोपतात. आणि तुझ्या चार वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही. जन्म गेला माझा शिवण्यात, एक टाका वाकडा गेला तरी मला लांबून दिसतो. हे सगळं दिसलं होतं मला. पण तू लिहिलं होतंस, म्हणून मी ते खरं मानलं.

तू शब्द मोडलास याचा राग आहेच. त्याहून मोठी गोष्ट सांगते. तू माझी पत्रं साहेबांच्या घरी नेऊन वाचलीस. खारूने धीराने जवळ केलेलं पिल्लू दुसऱ्या मुलाच्या मांडीवर कसं बसवायचं, ते मी माझ्या हाताने लिहून दिलं. वर लिहिलं की आत्याचा खारूवर भरवसा आहे. ते वाक्य तू तिच्यापर्यंत पोचवलं नसणारच.

तिला उत्तर लिहायचं राहिलंय. तुझं खोटं मी पुढे चालवणार नाही, आणि खरं सांगायचं काम तुझं आहे. तू सांगितल्याचं पत्र येईपर्यंत तिचं पत्र माझ्या मशीनवर तसंच राहील. पोर रोज पोस्टमनची वाट बघत असेल, हे ध्यानात ठेव.
ताई

२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. सांगितलं. तुला काहीही न लपवता लिहितो.

चहाला आल्यानंतर तिसऱ्या दिवशी साहेबांनी कचेरीत सहज विचारलं, तसलं पिल्लू कुठे मिळेल. मला नाही म्हणता आलं असतं. मी दुपारी घरी आलो, खारू शाळेत, धाकटा झोपलेला. टोपली घेऊन गेलो. ही माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, मग मुलांसमोर तिलाही माझीच री ओढावी लागली. पुढच्या महिन्यात वर जागा मिळाली. ती कदाचित तशीही मिळाली असती. ते आता मला कधीच कळणार नाही.

रविवारी खारूला बसवून सगळं सांगितलं. ती रडली नाही. तिने फक्त विचारलं की चिंधी मग आजारी नव्हतीच का. मी नाही म्हटलं. तिने बटणला बघायचंय म्हटलं, म्हणून घेऊन गेलो. साहेबांना मी दारातच खरं सांगितलं, पिल्लू परत मागितलं. साहेब भले माणूस आहेत. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. लगेच घेऊन जा म्हणाले.

खारू जिन्यापाशी जमिनीवर बसली. तळहातावर बिस्किट, नजर भिंतीकडे. बटण आला, ताई. बिस्किट खाल्लं, तिचं मनगट चाटलं, शेपटी हलवत दोन फेऱ्या मारल्या. तिने त्याला हात लावला नाही. साहेबांचा मुलगा तिसऱ्या पायरीवर रडवेला होऊन बसला होता. त्याने तसंच पुस्तक उघडलं आणि कापऱ्या आवाजात वाचायला लागला. बटणने कान टवकारले, पायऱ्या चढून गेला आणि त्याच्या मांडीत शिरला.

खारू उठली. साहेबांना म्हणाली की राहू दे, त्याला दोनदा तोडलंय, आता तिसऱ्यांदा नको. तुझं पहिलं पत्र तिला पाठ आहे.

त्या दिवसापासून ती माझ्याशी भांडत नाही, काही मागत नाही. मी खोलीत आलो की ताट उचलून आत जाते. हाक मारली तर ओ देते, पण जवळ येत नाही. सायकल घेऊन देतो म्हटलं, खाऊ आणला, तो तसाच पडून आहे. काल उचलून जवळ घेतलं तर लाकडासारखी ताठ झाली. ताई, मी काय करू ते सांग.

क्षमा मागायला तोंड नाही. तरी मागतो.
बाळ

२६ मार्च

बाळ,
माझं पाच जानेवारीचं पत्र आठव. वहीत डकवलेलं आहे, पण तिच्याकडे मागू नकोस.

जमिनीवर बस. हाक मारू नकोस, मागे जाऊ नकोस, उचलू नकोस. सायकलचं नाव काढू नकोस. कचेरीतून वेळेवर घरी ये आणि रोज त्याच वेळी, त्याच जागी बस. तिला यायचं तेव्हा ती येईल. किती दिवस लागतात ते मोजू नकोस. बटणला चार दिवस लागले होते, पण तो तुम्हाला ओळखत नव्हता. ती तुला ओळखते, म्हणून जास्त लागतील.

सोबतचं बंद पाकीट खारूचं आहे. ते न फोडता तिच्या हातात दे. फडकं चिंधीजवळ आहे, हे तिला त्यात लिहिलंय.

पत्राच्या शेवटी नेहमीचं लिहायला गेले आणि पेन अडलं. लोभ कुठे गेलेला नाही. पण मलाही इतक्यात हाक मारू नकोस.
ताई