एकशे बत्तीस किलोमीटर

४ एप्रिल
दोनशे दहा किलोमीटर म्हणे! शोरूमवाला छातीठोकपणे सांगत होता, काका, एकदा फुल चार्ज करा आणि विसरून जा. विसरतोय कसला! मोटर वाइंडिंगमध्ये चाळीस वर्षं गेली माझी. वीज कुठे मुरते ते कुणी शिकवलं नाही, पण कळतं.

सकाळी भरून ठेवलेली गाडी संध्याकाळी काढली. एसी लावला, शेजारच्या सीटवर हिच्या वजनाची तांब्याच्या तारेची रिळं ठेवली. साठ किलोमीटरात निम्मी बॅटरी फस्त! म्हणजे धाव एकशे वीस. हिच्या थोरल्या बहिणीचं घर एकशे बत्तीसवर.

५ एप्रिल
हिला सांगितलं. हिच्या कंबरेच्या ऑपरेशननंतर बसचे धक्के नकोत, म्हणून तर ही छोटी विजेची गाडी घेतली. वाटेत चार्जिंगची सोय नाही. पंधरा तारखेला नेतो म्हणून कबूल करून बसलोय. तिकडे बहिणीचं विसरणं वाढतंय. परवा फोनवर हिला म्हणाली, "लवकर ये गं, अजून माणसं ओळखू येतात मला."

नाहीच जमलं तर, असं मी म्हणताच ही हळूच, "अहो, इतक्यात नाही म्हणू नका."

७ एप्रिल
शोरूममध्ये भांडून आलो. म्हणतो, काका, ॲक्सिलरेटरवर तुमचा पायच जड. माझा!

८ एप्रिल
हे नवीनच. सकाळी शंभर टक्के. दुकानात नेहमीसारखा चालत गेलो. संध्याकाळी बघतो तर अठ्ठ्याऐंशी — आणि किलोमीटरचा आकडा जागचा हललेला नाही!

ही म्हणते, उभ्या गाडीला कसली भूक लागते? चष्मा पुसा. पुसला. अठ्ठ्याऐंशीच.

९ एप्रिल
रात्री पुन्हा पूर्ण भरली, आज संध्याकाळी सत्त्याऐंशी. वायरमन मित्राला बोलावलं. त्याने सगळं तपासलं, गळती कुठेच नाही. म्हणाला, कुणीतरी आत बसून एसी खातंय तुझा.

माझा संशय वरच्या मजल्यावरच्या पेन्शनरवर. त्याचा पंखा महिनाभर बंद, तरी गडी घामेजलेला दिसत नाही. पण चावी? दुसरी चावी तर आमच्याच घरात असते. गाडीच्या दाराच्या फटीत कागदाचा चिटोरा अडकवून ठेवलाय. बघू.

१० एप्रिल
चिटोरा खाली पडलेला! पेन्शनरला जिन्यात गाठलं, दुपारचे कुठे असता म्हणून विचारलं. झोपतो, म्हणाला, तुमची परवानगी काढायला हवी होती का? फार सहज बोलला. इतकं सहज बोलणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

उद्या दुकानाच्या नावाने निघायचं आणि समोरच्या शिंप्याकडे बसून पाळत ठेवायची. हिलाही सांगणार नाही.

११ एप्रिल
दोन वाजता ही आली. हातात काठी, काखेत उशी. शेजारच्या सीटवर बसली, एसी लावला, घड्याळ मांडीवर घेतलं. कळ आली की डोळे मिटायची, पण उठायची नाही.

चार तारखेलाही संध्याकाळच्या आधीच दहा-बारा टक्के हिच्या एसीत गेले असणार; म्हणजे गाडी पोचते, आता कळलं. तिथवर जायला अडीच तास लागतात. हिची एक तास पन्नास मिनिटं बसून झाली होती. शिंपी म्हणाला, जा की, हाक मारा. नाही गेलो. मधेच उठवलं असतं तर तिला पहिल्यापासून मोजावं लागलं असतं.