कौलांच्या तुकड्यांचं पिंप

शहापूर,
९ डिसेंबर २००७

प्रिय मनू,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. नाशिकच्या घरामागे तुम्ही दोघांनी हौद बांधलात आणि सहा गोल्डफिश सोडलेत, वाचून बरं वाटलं. पाणी आठ दिवसांतच हिरवं झालंय, दुकानदार भारीतला फिल्टर गळ्यात मारू बघतोय, स्वस्तात काय करावं, असं विचारलंयस. आणि खाली लिहिलंयस, ‘बाबांना विचारू नकोस, त्यांच्या हाताला मासे लाभत नाहीत.’ बाबांनी ते वाचलं नि हसले. मग चष्मा पुसत परसात जाऊन बसले.

दुकानातला घेऊ नकोस. आपण केलं होतं तसंच कर. शहाण्णव साल होतं. मला या घरात येऊन वर्ष होत आलेलं, तू अकरा वर्षांची. मला मावशी म्हणायचीस, तेही कामापुरतं. उन्हाळ्यात बाबांनी तुझ्यासाठी कल्याणहून पिशवीतून सात मासे आणले आणि मागच्या कपडे धुवायच्या हौदात सोडले. पंधरा दिवसांत पाणी असं झालं की मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. फिल्टरची किंमत ऐकून आलेले बाबा दुसऱ्या दिवशी वाशिंदच्या कारखान्यातून भंगारातलं निळं पिंप आणि जुन्या कूलरचा पंप घेऊन आले. पिंप हौदाच्या काठावर चढवलं. पंपाची नळी पिंपाच्या तळाशी सोडली, म्हणजे पाणी खालून वर चढायचं आणि वरच्या तोटीतून परत हौदात पडायचं. आधी आत नदीची वाळू भरली. तिसऱ्या दिवशी ती गच्च बसली आणि पंप नुसता घरघरत राहिला. तेव्हा मी म्हटलं, गोठ्याची फुटकी कौलं पडलीत, ती घालून बघू.

तू हातोडी घेतलीस, मी दगड. दुपारभर आपण दोघी कौलं फोडत बसलो. हात लाल धुळीने माखले होते. मान वर न करता तू विचारलंस, “तुला आमच्याकडे करमतं का गो?” एवढ्या महिन्यांत मला ते कुणीच विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं, आणि त्या दिवसापासून खरंच करमायला लागलं.

तर तळाला जुन्या गादीचा फोम घाल, वर सुपारीएवढे कौलांचे तुकडे. दोन-तीन आठवडे धीर धर, खाणं कमी टाक. तुमच्याकडे लाइट जात असेल तर हौदाच्या कडेला कर्दळ लाव, मुळं पाण्यात राहतील अशी, म्हणजे पंप बंद पडला तरी ती थोडंफार पाणी साफ ठेवेल. तुकडे बुळबुळीत झाले तरी घासू नकोस, त्या बुळबुळीतच पाणी साफ करणारे जीव असतात. फोम तेवढा हौदातल्याच पाण्यात पिळून घे. नळाचं पाणी नको, आणि ब्लीचिंग पावडर तर अजिबात नको.

हे मला कसं कळलं, ते सांगायला हे पत्र. त्या वर्षी गणपतीत पाहुणे येणार म्हणून तुकडे मी धुतले. विहिरीत टाकायला आणलेली पावडर चोळून, अगदी लालबुंद करून. वाटलं, तू खूश होशील. तू शाळेतून आलीस तेव्हा सातही मासे उलटे तरंगत होते. माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत बाबा म्हणाले, “मीच धुतलं गो. मला नाय कळलं.” नंतर मला म्हणाले, “पोर आत्ता कुठं तुझ्याशी बोलाय लागलीय. माझ्यावरचा राग जाईल, तुझ्यावरचा नाय जायचा.” महिनाभर तू त्यांच्याशी बोलली नाहीस. त्याच महिन्यात ताट घेऊन माझ्यापाशी आलीस आणि म्हणालीस, “आई, मला तूच वाढ.” मी वाढलं. अकरा वर्षं ती हाक घेत आले. त्यांनी सांगू दिलं नाही हे खरं, पण मलाही सांगायचं नव्हतं, हे जास्त खरं. बाबांना फोन कर. मला यापुढे काय म्हणायचं ते तू ठरव, म्हणून खाली नुसतं नाव लिहिते.

तुझीच,
सकू