वास: गंधपुरा, स्पष्ट

६ जानेवारी, सोमवार

टीवायबीएस्सीचं शेवटचं सेमिस्टर आजपासून. संकल्प: ऑरगॅनिक केमिस्ट्रीमध्ये नव्वदच्या वर. गेल्या सेमिस्टरला काठावर पास झाले. गणपतीच्या सुमारास घरात एक प्रसंग घडला. त्याचा अभ्यासावर काही परिणाम झाला नव्हता. पेपरच वाकडा होता.

अंबरनाथच्या एका औषध कंपनीच्या, माल तपासणाऱ्या क्यूसी लॅबमध्ये ट्रेनी म्हणून निवड झाली आहे. अट एकच, सगळे विषय एका दमात सुटले पाहिजेत. पगार येईल, आईला शिवणकाम कमी करता येईल. त्यामुळे नापास होण्याचा पर्याय विचारात घेतलेला नाही.

माझ्या ऍप्रनला ऍसिडने भोकं पडली म्हणून बाबांचा वापरते आहे. कंपनीचा आहे. जाड सुती कापड, बाह्या दोनदा दुमडल्या की बसतो. वापरण्याचं कारण केवळ कापडाची प्रत.

९ जानेवारी, गुरुवार

प्रॅक्टिकल. प्रत्येकाला एक अनोळखी पांढरी पावडर मिळते, ती काय आहे ते ओळखायचं. बाकीचे मेल्टिंग पॉइंट काढत बसले. मी पावडर मिथेनॉल आणि सल्फ्युरिकमध्ये गरम केली, पाण्यात ओतली, वास घेतला. गंधपुऱ्याचं तेल. म्हणजेच मिथाइल सॅलिसिलेट. म्हणजेच पावडर सॅलिसिलिक ऍसिड. रिपोर्ट लिहिला, बरोबर आला.

मंदाकिनी मॅडम खूश व्हायला हव्या होत्या. म्हणाल्या, बाई गं, नाकाने रिपोर्ट लिहायचा नसतो. आधी मेल्टिंग पॉइंट, मग फेरिक क्लोराइड, वास सगळ्यात शेवटी. मी हो म्हटलं. त्यांची पद्धत जुनी आहे.

हा वास मला चांगला माहीत आहे. घरात बावीस वर्षं गुडघ्यांना हेच तेल लागत होतं. माझ्या नाही. हा निव्वळ माहितीचा फायदा आहे, यात भावनेचा भाग नाही.

१३ जानेवारी, सोमवार

बेंचवर माझ्या शेजारी रुचिता असते. लोकलने दिव्याहून येते. आज विचारते, अगं, हा ऍप्रन धुतेस की नाही? आमच्याकडे पाणी एक दिवसाआड, तेही भांडून मिळतं, तरी माझा बघ कसा चकाचक. तुमच्या डोंबिवलीत काय पाण्याला कर्फ्यू लागलाय?

साबणाचा अंश कापडात राहतो आणि चाचण्यांमध्ये लुडबूड करतो, हे तिला समजावलं. ती म्हणाली, मग तू आंघोळ पण करत नसशील, नाही का, सायंटिस्ट?

मी बाह्या आणखी एकदा दुमडल्या.

१८ जानेवारी, शनिवार

दुपारी घरी रिऍक्शनच्या मेकॅनिझम्स करत होते. दार बंद, खिडकी बंद. मागून तोच वास आला. मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं. अर्थात.

वासाला उगम असतो. शोधला. दाराजवळच्या खिळ्यापाशी वास जास्त, खिळ्यावर ऍप्रन. सेकंड शिफ्टहून आल्यावर बाबा त्याच खिळ्याला ऍप्रन टांगायचे आणि आत येण्याआधी एकदा खाकरायचे. ही माहिती इथे गैरलागू आहे.

औषधांच्या डब्यात तेलाची हिरवी बाटली सापडली नाही. आईने टाकली असावी. योग्यच केलं.

निष्कर्ष: जाड सुती कापड वास धरून ठेवतं. साधी गोष्ट.

२७ जानेवारी, सोमवार

एक रोचक निरीक्षण. वास सोमवारी जास्त असतो आणि शनिवारपर्यंत कमी होत जातो. पुन्हा सोमवारी जास्त. कारण हवेतली आर्द्रता. रविवारी आई घर बंद करून मामाकडे कल्याणला जाते, दमटपणा साचतो, कापडातलं तेल पुन्हा वर येतं. प्रोजेक्टसाठी विषय होऊ शकतो.

रुचिताला सांगितलं. ती म्हणाली, तेल वर येतं म्हणजे काय गं, लोणचं आहे का ते?

३ फेब्रुवारी, सोमवार

आजची पावडर: सिनॅमिक ऍसिड. माझा रिपोर्ट: सॅलिसिलिक. ट्यूबला गंधपुऱ्याचा वास स्पष्ट येत होता. बाटलीत भेसळ असणार. मॅडमना तसं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, समीक्षा, मागच्या वेळी तू बरोबर आलीस ना, तेच वाईट झालं.

याचा अर्थ लागला नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी चहाला तीन कप पाणी ठेवलं गेलं. मोजण्यातली चूक. तिसरा कप मीच प्यायले, म्हणजे वाया गेला नाही. आई बघत होती. माझ्या डब्यात एक पोळी जास्त ठेवली.

निघताना कॉलर तपासण्याची माझी पद्धत आहे. डाग पडला आहे का ते बघते. दाराजवळ उजेड कमी असतो म्हणून जवळून बघावं लागतं. कॉलरला आत पिवळसर डाग आहे. आयोडीनचा असावा.

७.४०ची लोकल पुन्हा चुकली. रस्त्यात खोदकाम चालू आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ऍसिटॅनिलाइड. हे ऍसिडसुद्धा नाही. तरीही वास आला, तोच. मी प्रामाणिकपणे रिपोर्टमध्ये लिहिलं. वर्गात माझा रिपोर्ट वाचून दाखवला गेला. मागच्या बेंचवरचा विनीत म्हणाला, हिला मीठ दिलं तरी सॅलिसिलिक म्हणेल. सगळे हसले. रुचिता हसली नाही. तिने माझ्या बाहीकडे पाहिलं. मग म्हणाली, समू, एक दिवस माझा ऍप्रन घालून बघतेस का?

नको म्हटलं. तिचा मला आखूड होतो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

नवा संकल्प: नाकाला पूर्ण विश्रांती. आठवडाभर फक्त मेल्टिंग पॉइंट आणि रंग. नियम लिहून टेबलावर चिकटवला.

संध्याकाळी: नियम आजपुरता शिथिल केला. पावडर सॅलिसिलिकच होती, वास घेतल्याशिवाय राहवलं नाही. म्हणजे, खात्री करणं आवश्यक होतं. रिपोर्ट बरोबर आला. नाक उत्तम काम देत आहे. अडचण बाटल्यांची आहे.

१० मार्च, सोमवार

थिअरीची अंतर्गत परीक्षा झाली. इलेक्ट्रॉनचे बाण काढायचे होते. कोण कोणाला सोडून जातं आणि ती जागा कोण घेतं, असा सगळा प्रश्न होता. जाणाऱ्या गटाला लीव्हिंग ग्रुप म्हणतात. तो जाताना इलेक्ट्रॉनची जोडी बरोबर घेऊन जातो. मी पाच मिनिटं तिथेच अडकले. प्रश्नाची मांडणी चुकीची होती.

१६ मार्च, रविवार

प्रॅक्टिकल परीक्षा पुढच्या सोमवारी. तयारी पूर्ण आहे. आईने विचारलं, परीक्षेला तरी ऍप्रन धुऊन देऊ का? मी नको म्हटलं. का, हे तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. साबणाचा मुद्दा तिला समजावणं अवघड आहे.

ती म्हणाली, बरं. मग जरा वेळाने पुन्हा म्हणाली, बरं.

२३ मार्च, रविवार

उद्या परीक्षा. घरात वास आज फार जास्त. नेहमीच्या सोमवारच्या दुप्पट असेल. पाठ करता करता दोनदा दाराकडे पाहिलं, कोणी खाकरलं की काय म्हणून. वरच्या मजल्यावरचे काका असतील. ते गावाला गेलेत, पण आवाज पाइपातून येऊ शकतो.

शुभशकुन वगैरे मी मानत नाही. पण वास इतका स्पष्ट असणं परीक्षेच्या दृष्टीने वाईट नाही.

२४ मार्च, सोमवार

नोंद क्रमाने करते.

पावडर मिळाली. पांढरी, चमकदार. मेल्टिंग पॉइंट १२१. सॅलिसिलिकचा १५९ असतो. थर्मामीटर जुना दिसत होता. फेरिक क्लोराइड घातलं. जांभळा रंग यायला हवा होता, फिकट मातकट गाळ आला. द्रावण शिळं असणार. मग शेवटची चाचणी. मिथेनॉल, सल्फ्युरिक, गरम, पाण्यात. ट्यूब नाकाशी धरली.

इतका स्वच्छ वास गणपतीनंतर कधीच आला नव्हता. कोणीतरी अगदी मागे उभं असावं असा. मी मागे पाहिलं नाही. रिपोर्ट लिहिला. सॅलिसिलिक ऍसिड. वास: गंधपुरा, स्पष्ट.

बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, मेल्टिंग पॉइंट १२१ आणि सॅलिसिलिक? मी म्हटलं, सर, वास घेऊन बघा. त्यांनी ट्यूब हुंगली. म्हणाले, मला फळासारखं काहीतरी येतंय. हे बेंझॉइक आहे. मी म्हटलं, नाही सर, पुन्हा घ्या. त्यांनी पुन्हा घेतला. मी पुन्हा म्हटलं, नीट घ्या. आवाज थोडा चढला असावा, कारण शेजारच्या बेंचवरचे बर्नर सोडून सगळं थांबलं.

मंदाकिनी मॅडम आल्या. ट्यूब हुंगली, खाली ठेवली. मग माझ्याजवळ आल्या, अगदी खांद्याशी वाकल्या. हळूच म्हणाल्या, समीक्षा, वास ट्यूबमध्ये नाही. तुझ्या कॉलरला आहे.

मग विचारलं, ऍप्रन कोणाचा गं?

कंपनीचा, म्हटलं.

संध्याकाळी घरी

आईने विचारलं, कसा गेला? सांगितलं, पावडर एक होती आणि मी दुसरी लिहिली. ती म्हणाली, तू? तू तर आमटीत हिंग दोनदा पडला तरी ओळखतेस. मग कशाने चुकलं? म्हटलं, वासाने. ऍप्रनला तेलाचा वास आहे, तो सगळ्यात मिसळला. पण गंमत अशी की इतके महिने तो टिकायला नको. हे तेल उडून जातं. दोन-तीन आठवड्यांत संपायला हवं होतं. आर्द्रतेचा मुद्दाही तपासला तर तितका भक्कम नाही.

आई शिवणाच्या मशीनवर होती. पाय थांबले. उठली, देव्हाऱ्याखालचा खण उघडला, हिरवी बाटली काढून माझ्यासमोर ठेवली. रिकामी. तळाला थेंबभर.

म्हणाली, दिवाळीनंतर वास कमी व्हायला लागला होता. तू निघताना कॉलर नाकाशी धरतेस आणि मग जरा वेळ तशीच उभी राहतेस. दिवाळीनंतर जास्त वेळ उभी राहायला लागलीस. गाडी चुकायला लागली तुझी. म्हणून मी दर रविवारी एक बोट लावत होते, कॉलरला आतून. काल दोन बोटं लावली. परीक्षा होती ना.

मी सांगितलं की मी डाग तपासते.

ती लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच हो म्हणायला नको होतं.

मग म्हणाली, मला काय माहीत गं, तुमच्या त्या अभ्यासात वासाला मार्क असतात ते. मी हसले. तीही हसली. मग चहा तिने केला. पाणी तीन कप ठेवलं.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारली, नेहमीपेक्षा जरा वाकडी. काठी बांधण्याचं काम आमच्याकडे दोघींना येत नाही. ऍप्रन खिळ्यावर आहे. वास घेतला नाही. म्हणजे एकदा घेतला. अगदी पुसट. तुलनेसाठी.

१९ मे, सोमवार

निकाल. थिअरीत पास, प्रॅक्टिकलमध्ये नापास. फेरपरीक्षा जुलैत.

अंबरनाथहून फोन आला. एचआरची बाई गोड बोलत होती. म्हणाली, मॅडम, सीट धरून ठेवता येणार नाही, पण पुढच्या बॅचला जरूर अप्लाय करा. मी विचारलं, पुढची बॅच कधी? म्हणाली, ते अजून वरून आलेलं नाही. आईने संध्याकाळी दोन ब्लाउजांची जादा ऑर्डर घेतली.

रुचिता पास झाली. तिने तिचा जुना ऍप्रन धुऊन, इस्त्री करून पाठवला. सोबत चिठ्ठी: आखूड असला तरी घालायचा. दिव्याचं पाणी वापरलंय, किंमत कर.

घालणार आहे. निर्णय झाला. यापुढे लॅबमध्ये फक्त स्वच्छ ऍप्रन, आधी मेल्टिंग पॉइंट, वास सगळ्यात शेवटी. बाबांचा ऍप्रन लॅबला जाणार नाही.

२४ मे, शनिवार

ठाण्याला नौपाड्यात गेले होते. फेरपरीक्षेसाठी तुलनेला एक शुद्ध नमुना घरी असणं आवश्यक आहे, म्हणून गंधपुऱ्याचं तेल घ्यायचं होतं. दुसरं काही कारण नाही. ते जिथून आणायचे त्याच दुकानात गेले, कारण नमुना त्याच प्रतीचा हवा.

दुकानदार काकांनी हिरवी बाटली मी मागायच्या आधीच काढली. म्हणाले, तू त्या डोंबिवलीच्या साहेबांची मुलगी ना? यायचीस लहानपणी, बोट धरून. साहेब बरेच दिवसांत फिरकले नाहीत. गुडघे कसे आहेत त्यांचे?

मी म्हटलं, आता दुखत नाहीत.

काका खूश झाले. म्हणाले, बघ, लागू पडलं की नाही आमचं तेल! लहान देऊ की मोठी?

मोठी, म्हटलं.