पंचावन्न इंची, शारजाहून

उस्मानपुरा, छ. संभाजीनगर
दि. २० जुलै २०२५

चि. सत्यम यास,
अ. उ. आ.

इकडे सर्व क्षेम. पत्र बघून दचकू नकोस, कोणी आजारी नाही. फोनवर आपलं दोघांचं काय होतं ते तुझ्या आईनं एकदा ऐकलं, तेव्हापासून तिचा हुकूम आहे की बापलेकांनी काय ते कागदावर लिहावं, लिहिलेलं एकदा वाचावं आणि मगच पाठवावं. दिवाळीला आणि तुझ्या वाढदिवसाला मी तो हुकूम पाळत आलो. हे पत्र मात्र कामाचं आहे. मोनिका याचा फोटो काढून तुझ्या मोबाइलवर पाठवील.

घरातला टीव्ही गेला. पडद्यावर उभ्या रेघा येतात आणि बातम्या देणारी बाई गजाआड बसल्यासारखी दिसते. ज्यानं चाळीस वर्षं गावाचे टीव्ही दुरुस्त केले त्याच्या घरात हे शोभत नाही, पण आताच्या सेटचं पॅनल गेलं की मेकॅनिकनं हात जोडायचे. नवा घेणं भाग आहे. इथले दुकानदार तोंडाला येईल तो भाव सांगतात. दुकानाशेजारचा गयास म्हणतो की तिकडं तोच माल पुष्कळ स्वस्त पडतो. तेव्हा पंचावन्न इंची एखादा बघून ठेव. वॉरंटीची काळजी नको, वॉरंटी मी आहे.

घाई नाही, पण दिवाळीच्या पुढं जाऊ देऊ नकोस. आणि कोणा येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती देऊ नकोस. काचेचा माल परक्याच्या भरवशावर सोडायचा नसतो.

वेळेवर जेवत जा. लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नये.

बद्रीनाथ


शारजा
दि. २६ जुलै २०२५

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. गेल्या नऊ वर्षांत तुम्ही मला पहिल्यांदाच काही आणायला सांगितलंत, म्हणून सुट्टीच्या दिवशी झोप मोडून दुकानात गेलो. एक अख्खी भिंत टीव्हींची होती. विकणारा पोरगा केरळचा. मी सेटची मागची बाजू बघायला मागितली तेव्हा तो चक्रावला. माझे वडील टीव्ही मागूनच बघतात, असं मी त्याला सांगितलं.

भाव इथं कमी आहे हे खरं. पण अण्णा, आपल्याकडं विमानतळावर टीव्हीला सवलत नाही. पहिल्या रुपयापासून कर भरावा लागतो. तो धरला तर हा सेट उस्मानपुऱ्यातल्यापेक्षा महागच पडतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. त्यापेक्षा मोनिकाला घेऊन तिथंच पसंत करा, पैसे मी पाठवतो.

दुकान कसं चाललं आहे? विचारू की नको असं वाटत होतं, तरी विचारलं.

आईचं डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं हे मोनिकाकडून कळलं, बरं वाटलं. तिला नमस्कार. माझ्यावर असलेली माया आहे तशी राहो.

आपला,
सत्यम


उस्मानपुरा
दि. ३ ऑगस्ट २०२५

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

कस्टमचा हिशेब अण्णांना पटवून देण्याचं काम तू माझ्या गळ्यात मारलंस. पटवून दिला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला बाजारातलं काही कळत नाही असं सांगून चष्मा पुसत बसले. कोपऱ्यावरच्या दुकानात चांगला सेट बघून आले तर त्याचा आवाज पत्र्याच्या डब्यासारखा आहे म्हणाले. तो चालू करून पाहिलाच नव्हता, दादा! टेप घेऊन भिंत मात्र रोज मोजतात. भिंत काय रात्रीतून वाढते का?

आणखी एक गंमत. त्यांनी तुझ्या खोलीला रंग देऊन घेतला. का म्हणून विचारलं तर म्हणतात, टीव्ही येणार आहे. टीव्ही लागणार बैठकीत, रंग तुझ्या खोलीला.

आता गंमत पुरे. २०२१ च्या दिवाळीत तू दुकानाला भंगार म्हणालास, ते बंद करा म्हणालास. अण्णा म्हणाले की याच भंगारावर तू शिकलास, आता मी बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. आणि तू म्हणालास की बोलावल्याशिवाय येणारही नाही. दोघांनीही शब्द पाळला. बाकी कुठल्या गोष्टीत तुम्ही दोघं शब्दाचे एवढे पक्के नाहीत! चार वर्षं होतील या दिवाळीला. आई परवा म्हणाली की टीव्हीत सगळ्या जगाची माणसं दिसतात, आपलंच तेवढं दिसत नाही. ऑपरेशन झाल्यावर पट्टी काढली तेव्हा तिनं पहिल्यांदा तुझा फोटो मागितला होता. मी हे तुला सांगणार नव्हते.

तूच एक पाऊल टाक ना. मला दोन दगडांमध्ये बसून कंटाळा आला आहे.

भाऊबीज फोनवर उरकणाऱ्या भावाची,
मोनिका


शारजा
दि. १० ऑगस्ट २०२५

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

आनंदाची बातमी. तुमचं काम झालं. इथं एक कार्गोवाला भेटला आहे. तो टीव्ही लाकडी पेटीत बांधतो, जहाजानं मुंबईला आणि तिथून थेट आपल्या दारात पोचवतो. कर वगैरे सगळं तोच बघतो. आमच्या साइटवरच्या तिघांनी त्याच्याकडून माल पाठवला आहे. दीड महिना लागेल, म्हणजे दिवाळीच्या आत नक्की. सगळं धरून तिथल्यापेक्षा थोडा स्वस्तच पडेल.

तेव्हा मी किंवा कोणीच यायची गरज उरलेली नाही. मलाही सुट्टी अवघड होती आणि तुम्हालाही उगीच अडचण नको. उद्या संध्याकाळी पैसे भरून टाकतो.

कृपा आहेच, ती तशीच असू द्यावी.

आपला,
सत्यम


उस्मानपुरा
दि. ११ ऑगस्ट २०२५, सकाळी सात

चि. सत्यम यास,
अ. उ. आ.

पैसे भरू नकोस.

जहाजावर खारी हवा असते. ती दीड महिना पॅनलला लागली की आतले जोड सुटतात. लाकडी पेटीला वाळवी लागते. मुंबईहून येणारे ट्रकवाले घाटात कसे गाडी हाणतात ते तुला माहीत नाही. शिवाय ज्यानं सेट विकत घेतला त्यानंच तो भिंतीवर चढवायचा, असा आमच्या धंद्यात रिवाज आहे. तो मोडला तर सेट लाभत नाही.

स्वस्त पडतो, स्वस्त पडतो काय लावलंय? सगळं स्वस्तातच बघायचं असतं का?

बाकी क्षेम. राग मानू नये.

बद्रीनाथ

ता. क. दादा, असा कुठलाही रिवाज नाही. फोटो काढायच्या आधी खाली जागा होती म्हणून लिहिलं. मोनिका.


उस्मानपुरा
दि. १४ ऑगस्ट २०२५

प्यारे बेटे सत्यम,
खूप खूप दुआ.

मी गयासचाचा, तुझ्या अण्णांच्या शेजारचा घड्याळवाला. डोळे कमी झाले, म्हणून अक्षर वाकडं येतं, सांभाळून घे. नात लाइबा फोटो काढून पाठवणार आहे आणि तिला मी कसम घातली आहे. बद्रीला कळलं तर तो माझं तोंड बघणार नाही. पण बेटा, यात चूक माझी आहे आणि ती मलाच दुरुस्त केली पाहिजे.

जुलैमध्ये बद्री माझ्या दुकानात येऊन बसला. चहा गार झाला तरी कप उचलेना. मग त्यानं विचारलं की आखाती मुलखातून अशी कुठली चीज आहे जी पाठवता येत नाही, माणसाला स्वतः घेऊन यावं लागतं. मी आधी सोनं म्हणालो. त्याला ते आवडलं नाही, लेकाकडं सोनं मागणारा बाप म्हणून त्याला नाव नको होतं. मग मी टीव्ही म्हणालो. मी जेद्दाहून परत आलो तेव्हा मांडीवर घेऊन आलो होतो ना, मुंबई ते औरंगाबाद, एसटीत, रात्रभर! दुसऱ्या दिवशी बद्रीनंच तो लावून दिला, तिथून आमची दोस्ती. आता तीस वर्षांत जहाजवाले पलंगसुद्धा घरपोच आणून देतात, हे मला काय माहीत? तुझं कार्गोचं पत्र आलं त्या दिवशी बद्री दुकानात येऊन मला खूप बोलला. माझी अक्कल जेद्दातच राहिली, असंही म्हणाला.

कराचं त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, मीच सांगितलं होतं. तो म्हणाला की कर कितीका लागेना, लेक घरी येत असेल तर टीव्ही स्वस्तच पडला.

तू म्हणशील की मग सरळ ये म्हणून का लिहीत नाही. लिहिलं, बेटा. माझ्या काउंटरवर बसून तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. चार वर्षांपूर्वी तोंडातून गेलेला शब्द त्याच्या घशात अडकला आहे, गिळताही येत नाही आणि थुंकताही येत नाही. हा माणूस मोडेल पण वाकणार नाही. तू लहान आहेस, तू वाक. आणि वाकलास हे त्याला कळू देऊ नकोस.

खुदा तुला खुशाल ठेवो. या म्हाताऱ्याला विसरू नकोस.

गयास


शारजा
दि. १७ ऑगस्ट २०२५

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं म्हणणं पटलं. खाऱ्या हवेचा विचार मी केलाच नव्हता. वाळवीचाही नाही. कार्गोवाल्याला नाही म्हणून सांगितलं, पैसे भरले नव्हते.

रिवाज असेल तर तो पाळायला हवा. म्हणून साहेबांशी बोललो. सुट्टी अवघड आहे असं मी मागं लिहिलं होतं, पण खरं सांगायचं तर मागितलीच नव्हती. मागितली तर दोन मिनिटांत वीस दिवसांची मिळाली. शुक्रवारी १७ ऑक्टोबरला मुंबईमार्गे चिकलठाणा विमानतळावर उतरतो. टीव्ही सोबत आणतो, कर भरतो, पावती तुम्हाला दाखवतो. भिंतीवर तुम्ही धरा, स्क्रू मी पिळतो. चालेल का ते कळवावं. तुम्ही कळवल्याशिवाय तिकीट काढत नाही.

त्या दिवाळीत दुकानाला मी जे म्हणालो ते म्हणायला नको होतं. त्या दुकानातल्या स्टुलावर बसून मी सोल्डर करायला शिकलो, आजही त्याच हातांवर पोट भरतो. हे टीव्हीच्या विषयात बसत नाही, पण कागद उरला होता.

आईला नमस्कार, मोनिकाला आशीर्वाद. माझ्यावरची माया शिल्लक असेल तर ती राहू द्यावी.

आपला,
सत्यम


उस्मानपुरा
दि. १९ ऑगस्ट २०२५

चि. सत्यम यास,
अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईच्या नियमाप्रमाणे आपण लिहिलेलं पत्र एकदा वाचायचं असतं. तुझं आलेलं मी पाच वेळा वाचलं. सहाव्यांदा आईला वाचून दाखवलं, तेव्हा निम्म्यात कागद मोनिकाच्या हाती दिला आणि पुढचं तिनं वाचलं.

जहाजाच्या खाऱ्या हवेनं बंद पेटीतल्या पॅनलचे जोड सुटत नाहीत. हे तुला चांगलं ठाऊक आहे, कारण तू माझ्याच हाताखाली शिकलास. रिवाजाचंही मी काढलेलं खूळ होतं. तरी तू पटलं म्हणून लिहिलंस. बापाची लबाडी लेकानं अशी झाकावी, याची मला आधी लाज वाटली आणि मग फार बरं वाटलं. गयासनं तुला लिहिलं असणार. त्याला विचारलं तर तो घड्याळात डोकं घालून बसला. मी दोन चहा सांगितले.

दुकानाचं विचारलं होतंस. दिवसाला एखादं गिऱ्हाईक येतं, तेही रिमोट दुरुस्त करायला. तू म्हणालास त्यात खोटं काही नव्हतं. खोटं नव्हतं म्हणूनच ते मला लागलं. पण घर तुझं आहे आणि तुझ्याच घरातून तुला जा म्हणायचा मला काही हक्क नव्हता. त्या रात्री माझं चुकलं. हे लिहायला चार वर्षं लागली, आणि आता लिहिलं तर एका ओळीत मावलं.

काल मोनिकाला घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून टीव्ही घेऊन आलो. पंचावन्न इंची. दुकानदारानं थोडंफार लुटलं असेल तर लुटू दे. म्हणून तिकडून काही आणू नकोस. एवढं मोठं खोकं दोन्ही हातांत धरलं की माणसाला वाकून नमस्कार करता येत नाही, आणि समोरच्याला त्याला कवळ्यात घेता येत नाही.

तिकीट काढ. मी बोलावतो आहे. सतरा तारखेला चिकलठाण्याला दारातच उभा असेन, मोकळ्या हातानं ये.

तुझा,
अण्णा