जगदेवकाकांचं ताट

पुणे, ९ फेब्रुवारी २०२५

ती. ज्योत्स्नाकाकूस,

वैष्णवीचा साष्टांग नमस्कार, आणि तू पाठवलेल्या तुरीच्या डाळीसाठी आणखी एक वेगळा.

हातात फोन असताना पत्रं कसली लिहितेस, असं आईनं विचारलं. तिला काय सांगू? आपल्या घरी फोन वाजला की तो स्पीकरवर जातो आणि बाबांपासून शिवमपर्यंत सगळे त्यात तोंड घालतात. तुझ्याशी एकटीशी बोलायचं तर पोस्टमनशिवाय वाट नाही.

शिवमचं लग्न वैशाखात ठरलं, नवरी किन्हीराजा गावची, हे कळलं. त्यानं मला मुलीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं की कशी आहे ते खरं सांग. मी लिहिलं, मुलगी छान आहे, तिला तुझा फोटो कोणता दाखवला? तेव्हापासून भाऊराया रुसलाय.

माझं म्हणशील तर माझी मैत्रीण रंजीता आणि मी रात्रंदिवस एका खेळात बुडालोय. उड्या मारायच्या, गोळ्या झाडायच्या असला खेळ नाही हा. रंजीता चित्रं काढते, मी गोष्ट लिहिते. वाचणारा मोबाइलवर बोट दाबत पुढं जातो आणि कुणाला काय विचारायचं, कुठं शोधायचं, हे मधेमधे स्वतः ठरवतो. नाव ‘पिवळे हात’. एका गावात हळदीच्या दिवसांत एक माणूस सकाळी घरून निघतो तो परत येत नाही. मागे बायको उरते, नीलिमा. त्याचं काय झालं ते खेळणाऱ्यानं शोधायचं. पाच प्रकरणं बाहेर आली आणि लोक अक्षरशः भांडतायत गं! शेवटचं तेवढं राहिलंय. गुढीपाडव्याला देऊ असं कबूल करून बसलोय.

त्यासाठी एक विचारायचं होतं. पूर्वी आपल्याकडे कढईत हळद शिजवायचे, त्या भट्टीचा खड्डा केवढा असायचा? माणूस मावेल एवढा? चित्रासाठी हवंय.

गुडघ्याला तेल लावतेस ना? लोभ आहेच. उत्तराला उशीर केलास तर मी तो मोजायला घेईन.

तुझी,
वैष्णवी

&nbsp;

केनवड, २० फेब्रुवारी

चि. वैशूस,

काकूचे आशीर्वाद. तुहं पत्र भेटलं. मजेत हाय. गुडघा दुखते, पन तो काई आजचा नाई.

हळदीचं काम जोरात हाय. भट्टी आता कोनी करत नाई बाई, बॉयलर येते, ड्रमात हळद भरतात अन् वाफेवर शिजते. पयले खड्डा करत, पन तो कंबरेएवढाही नसे. माणूस मावत नाई त्यात. तुले काहून पाह्यजे हे मले समजलं, म्हून सांगतो.

मी तुहा खेळ खेळली. शेजारच्या ललिताबाईच्या सुनेनं माह्या फोनात टाकून देल्ला. नाव पाहून मले वाटलं, कोनाचं लगन असन. चष्मा लावून पाचही प्रकरणं वाचली. रंजीतानं शेणाचा उकंडा लय मस्त काढला. पोलिसायनं आपला उकंडा उकरला होता तेव्हा तू ओट्यावर उभी होती, हे मले याद हाय. तसाच काढला, फावडं बी तसंच.

नीलिमा म्हंजे मीच न वैशू? तिच्यासारखीच मी हळदीच्या हातानं दारात उभी होती. तुहे काका रिसोडले जातो म्हणे, गाडी रिसोडच्या स्टँडवर सापडली, ते सापडले नाई. लोकायनं तवा लय बोलून घेतलं. मंग थकले, इसरले. आता परवा बाजारात दोन पोट्टे माह्याकडं पाहून हसले. मी भाजी घेतली अन् घरी आली.

राग नाई माहा. पन एक गोष्ट इचारतो, खरं सांगजो. शेवटी नीलिमानंच मारलं का त्याले?

इकडं दुसरंच सुरू हाय. बारा वर्षं सरले म्हून गुरुजीनं तुह्या बाबायले सांगतलं, की शिवमच्या लग्नाआंधी जगदेवचं करून टाका. माणूस सापडत नसन तर पळसाच्या पानायचा पुतळा करतात अन् त्याले अग्नी देतात. तुहे बाबा काई जबरदस्ती करून नाई राह्यले. पन जेवताना सारे माह्या तोंडाकडं पाह्यतात. हो म्हटलं तर मी त्या दिवशी विधवा होईन. मंग शिवमले हळद मी कशी लावू? ज्याले कडेवर घेऊन मी वावरात हळद लावली, त्याच्या हळदीले मी मागं उभी राहू? अन् नाई म्हटलं तर लगन अडकवलं म्हणतीन.

जेवन टाइमावर करत जाय. रंजीताले आशीर्वाद. माया पातळ करू नको, वरणासारखी.

तुही काकू

&nbsp;

पुणे, १ मार्च

ती. काकूस,

सा. न. घालताना आज मान वर होत नाही.

हो काकू. नीलिमानंच मारलं, असं मी ठरवलं होतं. तुला न विचारता तुझं अंगण, तुझा उकंडा, तुझे हात सगळं उचललं आणि वर तुलाच खड्ड्याचं माप विचारलं. लाज वाटते. रंजीताला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती एवढंच म्हणाली, की त्यांच्या मानोऱ्याच्या तांड्यावरून कामाला गेलेली किती माणसं परत येत नाहीत, आणि प्रत्येकाच्या बायकोनं त्याला पुरलेलं नसतं.

पण तू खरं विचारलंस म्हणून खरं सांगते. हे नुसतं गोष्ट रंगवायला सुचलं नाही. लहानपणापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात अडकलीय, ती तुला विचारायची हिंमत कधी झाली नाही.

काका गेल्यावर तू रोज रात्री त्यांचं ताट वाढून झाकून ठेवायचीस. सकाळी ते गाईला जायचं. सोजरआजी खाटेवरून बघायची आणि तिला बरं वाटायचं, की पोरगा येणार आहे. मग मी दहावीत असताना आजी गेली. तिची तेरवी झाली आणि तू ताट वाढणं बंद केलंस. एकदम. पुन्हा कधीच नाही.

तिसऱ्या प्रकरणात मी तेच घातलं. खेळणाऱ्यांतले हुशार लोक बरोबर त्याच्यावर बोट ठेवतात, की सासू बघत होती तोवर नीलिमानं नाटक केलं, सासू गेली आणि नाटकाची गरज संपली. म्हणजे तो येणार नाही हे तिला आधीपासून माहीत होतं. काकू, मीही मनात तेच धरून होते. तू काकांना मारलंस असं नाही गं, ते कधीच नाही. पण तुला काहीतरी माहीत आहे आणि तू सांगत नाहीस, असं वाटायचं.

का बंद केलंस?

विधीचं तुझ्यावर कोणी ढकलू नये. बाबांशी मी बोलू का? रागावली असशील तर राग असू दे, पण तो पत्रानंच पाठव. गप्प राहू नकोस.

तुझी,
वैष्णवी

&nbsp;

केनवड, १२ मार्च

चि. वैशूस,

आशीर्वाद, अन् पाठीत एक धपाटाही. इतके वर्षं पोटात ठेवलं अन् इचारलं नाई! मी काय तुले खाऊन टाकली असती?

ऐक मंग. तुही आजी गेली तवा मी रडत नव्हती, मी रस्त्याकडं पाहून राह्यली होती. मले वाटे, कुठीही असतीन, कोनाच्याही घरी असतीन, पन माय मेली हे कानावर गेलं तर येतीनच. सुरतले असतीन, मुंबईले असतीन, येतीन. मी तुह्या बाबायले म्हटलं, मयत थोडी थांबवा. त्यायनं थांबवली. सारे उन्हात ताटकळले. ते नाई आले. मंग वाटलं तिसऱ्या दिवशी येतीन, राख सावडाले. मंग वाटलं तेरवीले.

तेरवीच्या राती मी त्यायचं ताट घेतलं, भाकर वाढली, अन् अशी आग झाली न अंगाची! म्हटलं, बायकोले सोडलं तं सोडलं, जिनं जलम देल्ला तिच्या मयतीलेही नाई आला? जाय मंग, जेव जिथं जेवत असशीन तिथं. भाकर उचलून परत टोपल्यात टाकली. त्या दिवसापासून नाई वाढलं.

नाटक नव्हतं वैशू. राग होता. अन् राग मी जित्या माणसावर धरला होता. मेले असतीन असं मनात आलं असतं तर राग कायचा आला असता? तुह्या त्या हुशार लोकायले हे सांग.

तुह्या बाबायशी बोलू नको, ते माणूस चांगले हायेत. मी त्यायले म्हटलं, सध्या पळसाले पान कुठी हाय? साऱ्या धुऱ्या-बांधावर नुसती लाल फुलं, झाडं उघडीबोडकी. पाडव्यानंतर पालवी येईन तवा पाहू. तेवढाच टाइम भेटला मले. ते हो म्हणे अन् हसले. त्यायलेही समजलं असन.

तू तुहा शेवट कर. नीलिमा काय करते ते पाह्यतो मी, मंग माहं ठरवतो. पाडव्याले पुरणपोळी खाजो, विकतची का होईना.

जीव लावून राह्य, माहा तर हायेच.

तुही काकू

&nbsp;

पुणे, २ एप्रिल

ती. काकूस,

सा. न. आणि पाडव्याचा राहिलेला नमस्कार.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी लिहिलेलं अख्खं प्रकरण पुसून टाकलं. पाडवा हुकला. वाट पाहणाऱ्यांनी आम्हाला जे काही म्हटलं ते तुला लिहीत नाही. रंजीतानं मात्र उजाडेपर्यंत बसून नवी चित्रं काढली, एका शब्दानं कुरकुरली नाही.

शेवट असा केला. खेळणारा सगळे पुरावे घेऊन नीलिमाच्या दारात जातो. उकंडा, गाडी, ताट, सगळं. नीलिमा त्याला बसवते, पाणी देते आणि ताटाचं काय झालं ते सांगते. बस. पुरावे सगळे खरे, आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष सगळा खोटा. तिचा नवरा कुठं गेला हे शेवटपर्यंत कळत नाही. तुझं बोलणं मी घेतलंय काकू, पण तुझी परवानगी येईपर्यंत हे बाहेर जाणार नाही. नको म्हणालीस तर हेही पुसेन, आणि त्याचं मला वाईट वाटणार नाही. म्हणजे वाटेल, पण तुला कळू देणार नाही.

अगदी शेवटी पळसाच्या पानांचा पुतळा समोर येतो आणि खाली दोन चौकोन. एकावर ‘अग्नी द्या’, दुसऱ्यावर ‘अजून थांबा’. कोणताही दाबला तरी गोष्ट शांतपणे संपते. नीलिमाला दोन्हीकडे बोल लागत नाही. मला हे ठरवता येईना. ते माझं नव्हेच.

तुझ्या फोनवर पाठवलंय. तू कोणता दाबलास ते मला सांगायलाच हवं असं काही नाही.

लोभ धर, पण गुडघा आधी.

तुझी,
वैष्णवी

&nbsp;

केनवड, २४ एप्रिल

चि. वैशूस,

काकूचे भरभरून आशीर्वाद. रंजीताले त्यातले अर्धे दे, नीलिमाचे डोळे तिनं लय सुंदर काढले. मी एवढी देखणी कधी होती?

खेळ बाहेर काढ. माही ना नाई. बाजारातल्या पोट्ट्यायनंही शेवट वाचला पाह्यजे.

ते दोन चौकोन मी लय दिवस तसेच ठेवले. फोन चार्जिंगले लावावं, उघडावं, पुतळा पाहावा, बंद करावा. मंग एक दिवस धुऱ्यावर गेली तर पळसाले कवळी पानं आलेली, तांबूस. हात लावला अन् मनात आलं, मी येवढा राग धरून बसली की ते मायच्या मयतीले आले नाई. पन ते तिच्याआंधीच गेले असतीन तर? मंग त्यायचा काय कसूर? येनं टाळलं नाई न त्यायनं. येता आलं नाई. येवढी साधी गोष्ट इतके वर्षं माह्या ध्यानात आली नाई. रागानं येऊच देल्ली नाई. मी तिथंच धुऱ्यावर बसली अन् रडली वैशू. पोटभर रडली. बारा वर्षांत तशी रडली नव्हती.

पानं जून होऊ देल्ली, मंग मीच तोडून आणली. तुह्या बाबायले म्हटलं, करा. परवा झालं. शिवमनं अग्नी देल्ला. तुहे बाबा लहान लेकरासारखे रडले, त्यायले मीच पानी पाजलं.

कुंकू मी पुसलं नाई, अन् तुह्या आईनं कोनाले बोलू देल्लं नाई. शिवम तर सगळ्यांपुढं बोलला, की पयली हळद काकू लावन, नाईतर मी बिनहळदीचा बोहल्यावर उभा राहीन. गुरुजी खाली पाहून पोथी चाळत बसले. हळद मीच दळून ठेवली हाय, आपल्या वावरातली. तू आठ दिवस आंधी ये, आंगपाय दुखेपर्यंत कामाले लावतो.

त्या राती सारे झोपल्यावर मी वांग्याची भाजी केली, झणझणीत, त्यायले लागे तशी. भाकर थापली. ताट वाढलं, पान्याचा गिलास ठेवला, वरून झाकन ठेवलं अन् म्हटलं, जेवा. मंग मलेही झोप लागली.

तुही माया अशीच राहू दे. माही काई कमी होत नाई.

तुही,
ज्योत्स्नाकाकू

ता. क. बाकी सारं खेळात घाल, पन हे परवाचं ताट घालू नको. ते आम्हा दोघायचं राहू दे.