चार घोडे आणि जुना फोटो

३ मार्च
फोटो आला. कधीकाळी गाजलेली बुद्धिबळाची स्पर्धा म्हणे. ती जिंकलेल्या गृहस्थांना हुबेहूब तसाच संच हवाय. बाकी सोंगट्या मुलगा करणार, घोडे माझ्याकडे. "बाबा, एवढा संच होऊ दे. मग डोळ्यांना विश्रांती." विश्रांती! म्हणजे लाकूड कोरायची पटाशी खाली ठेवा आणि घरी बसा. घोडे पसंत पडले तर कदाचित राहू देईल. विचारायची छाती होत नाही.

५ मार्च
फोटो काही उमगत नाही. खेळणारे दोघेही पटाकडे बघतच नाहीत – एक छताकडे, दुसरा दाराकडे! हात मात्र सगळ्या सोंगट्यांवरून फिरतायत. हात लावला की ती सोंगटी खेळायचीच ना? मग हे काय? काळ्या सोंगट्यांच्या डोक्यावर ठिपके. मुलगा म्हणाला, "जुना फोटो, डाग असणार." असतील. मला हल्ली सगळीकडेच डाग दिसतात.

८ मार्च
घोड्याचा कान काल सरळ वाटला. आज वाकडा. का उलट?

१४ मार्च
संच मागवणारे म्हातारबुवा आले, नातीचा हात धरून. आंधळे! स्पर्धाच आंधळ्यांची – हे आम्हाला कोणी सांगायचं? ठिपके म्हणजे खिळे. काळी कुठली ते बोटांना कळावं म्हणून. खाली पटाच्या भोकात बसणाऱ्या खुंट्याही हव्यात, हात लागून सोंगटी पडू नये म्हणून. मुलाचा चेहरा पडला. म्हातारबुवा हसले, "मारा की मग खिळे! मी कुठे पळतोय?"

१७ मार्च
म्हातारबुवांनी दुरुस्त संच हातात घेतला. एकेक सोंगटी चाचपली. घोड्यांपाशी थांबले. दोन इकडे ठेवले, दोन तिकडे. "चारही झकास! पण कारागीर दोन आहेत."
"छे हो, चारही माझेच!"
मुलगा खाली मान घालून भुसा झाडत राहिला.

१८ मार्च
विचारलं शेवटी. म्हणाला, "तुम्ही जेवायला गेलात की बिघडलेल्यांच्या जागी मी केलेले नवे ठेवतो, बाबा. वर्ष झालं. आता दोघांचं काम झेपत नाही."
रागवावं की काय करावं, कळेना. चारही घोडे हातात घेऊन बसलो. माझे दोन कुठले, मलाच सांगता येईना.